एका खोलीत तीन इयत्ता, पातळ्या मात्र कितीतरी: तुम्ही वर्ग कसा सांभाळता?

माळावरची_शाळा

नमस्कार मंडळी.

मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. पोरं गावातली आणि शेजारच्या तांड्यावरची. तांड्यावरची घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. बऱ्याच घरांत कोयता आहे, म्हणजे ऊसतोडीचं काम. दिवाळीच्या आसपास आई-बाप साखर कारखान्याला निघाले की काही पोरं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात. गेलेली पाडव्याच्या मागेपुढे परततात. एका मुलाला एका कानानं कमी ऐकू येतं. पाचवीतली एक मुलगी सहावीचं पुस्तक मागून नेऊन वाचते, तिच्या शेजारचा मुलगा जोडाक्षर आलं की अडतो.

प्रशिक्षणात 'विविध गरजा असलेली मुलं' हा विषय शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर येतो. जणू नेहमीचा वर्ग वेगळा असतो आणि ही मुलं त्यात अधूनमधून सापडतात. माझ्यासारख्यांना हीच मुलं म्हणजे वर्ग. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोनच शिक्षक आहेत. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसं ही मांडणी कायद्यानेच धरलेली आहे. पण पाठ्यपुस्तक, वेळापत्रक, पाठटाचण सगळं 'एक इयत्ता, एक शिक्षक, सगळे एकाच पानावर' असं समजून येतं.

माझा अनुभव एका उदाहरणातून सांगतो. चौथीला फळ्यावर शाब्दिक उदाहरण दिलं: टोपलीत ४२ आंबे होते, १७ विकले, किती उरले? तिघांची उत्तरं चुकली. एकाने ३५ लिहिलं, एकाने २६, एकीने ५९.

३५ वाला प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्याच्या लेखी ४ आणि २ हे दोन सुटे आकडे आहेत, चार दशक आणि दोन एकक नाहीत. २६ वाल्याला वजाबाकी कळते, पण तो बोटांवर उलटं मोजताना ४२ लाच पहिलं बोट धरतो, म्हणून उत्तर एकाने जास्त येतं. ५९ वाली तांड्यावरची. तिने दोन आकडे पाहिले आणि बेरीज केली. पाचवीतल्या ताईने तेच गणित तिला गोरमाटीत सांगितलं तर लगेच तोंडी म्हणाली पंचवीस. तिला गणित येतं, उदाहरणातलं मराठी येत नाही.

आता तिघांनाही 'वजाबाकी कच्ची' असा शेरा मारून वहीत दहा गणितं सरावाला दिली तर काय होईल? पहिला दहाच्या दहा त्याच पद्धतीने चुकवेल आणि ती पद्धत आणखी पक्की करेल. त्याला मी ज्वारीच्या धाटाच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले. चार गठ्ठे, दोन सुट्या. सतरा दे म्हटलं. एक गठ्ठा दिला, मग सात सुट्या हव्यात, हातात दोनच. बराच वेळ गठ्ठ्याकडे बघत बसला, मग स्वतःच दोरा सोडला. हातचा घेणं म्हणजे काय ते त्याला तिथे दिसलं. दुसऱ्याला जमिनीवर खडूने संख्यारेषा काढून उड्या मारायला लावल्या. उडी मोजायची, उभं राहिलो तो आकडा मोजायचा नाही. मुलीला गणिताचा सरावच नको होता. तिच्यासाठी 'विकले', 'उरले', 'मिळून', 'पेक्षा जास्त' हे शब्द घोळवले, दुकान-दुकान खेळून.

शिकवणं मुलांनुसार बदलायचं याचा अर्थ माझ्यापुरता एवढाच आहे: मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि तिथे हात द्यायचा. गट करायचेच असतील तर अडचणींचे करायचे. हुशार, मध्यम, मागे असे मुलांचे नाहीत.

दिवस साधारण असा जातो. परिपाठानंतर पहिला तास वाचनाचा, त्यात इयत्ता मोडतो. तिसरीतली दोन मुलं पाचवीच्या मुलांबरोबर गोष्ट वाचतात, पाचवीतले तिघे तिसरीबरोबर शब्दांवर असतात. त्यानंतर सगळ्यांना एकच विषय. गेल्या महिन्यात आठवडी बाजार घेतला. तिसरीने भावाच्या पाट्या लिहिल्या, चौथीने खरेदीचे हिशोब केले, पाचवीने अडत, हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय उरतं ते काढलं. कारखान्यावरून आलेल्या एका मुलाला मोळी, गाडी, टन आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे) यांचा हिशोब आमच्या पाचवीच्या पुस्तकापेक्षा जास्त येत होता. त्या दिवशी त्याने शिकवलं, बाकीच्यांनी वहीत मांडलं.

तुमच्याकडे कसं चालतं? शहरातल्या मोठ्या वर्गांचं विशेष सांगा.

खडू_आणि_फळा

सर, फार आवडलं. मी मुंबईत अनुदानित शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं, ३५ मिनिटांची तासिका, बाकं इतकी दाटीची की मला शेवटच्या रांगेपर्यंत जाताही येत नाही. जमिनीवर संख्यारेषा काढायला जमीनच दिसत नाही.

तरी दोन गोष्टी जमतात. एक, फळ्यावर गणितं लिहिताना तीन पायऱ्यांत लिहिते. पहिली दोन सगळ्यांनी करायचीच. पुढची दोन त्याच कल्पनेवर, थोडी वळण घेतलेली. शेवटचं एक असं की त्याचं उत्तर सांगण्यापेक्षा 'असं का?' हे सांगावं लागतं. कुणी कुठपर्यंत जायचं ते मुलं ठरवतात. मी फक्त पहिल्या दोनवर कोण अडलंय तेवढंच फिरून बघते.

दुसरं, तास संपायच्या आधी पाव कागदावर एकच गणित. नाव लिहून दारात माझ्या हातात द्यायचं. लोकलमध्ये त्या चिठ्ठ्यांचे चुकीप्रमाणे गठ्ठे लावते. साठ चिठ्ठ्यांत चुकांचे प्रकार मात्र चार-पाचच निघतात. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं त्यावर. तुमच्या ३५ आणि २६ सारखंच. सातवीत पूर्णांकांच्या वजाबाकीत तर हमखास.

एक विचारायचं होतं. आमच्या एका प्रशिक्षणात सांगितलं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, तर प्रत्येकाची शैली ओळखून तसं शिकवा. साठ मुलांचं हे कसं करायचं?

ओंजळभर

ते करू नका, ताई. खरंच वेळ वाया जाईल. या 'शिकण्याच्या शैली'वर हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. मुलाच्या आवडत्या शैलीत शिकवलं म्हणून ते जास्त शिकतं, याला भक्कम पुरावा मिळाला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात, ते खरं. पण अपूर्णांक समजायला चित्र लागतं ते सगळ्यांनाच लागतं, आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते. साधन विषयाप्रमाणे ठरतं.

याउलट पातळीनुसार गट करण्याला बरा आधार आहे. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा बालसखी उपक्रम झाला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून मूलभूत वाचन आणि गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्या मुलांना झाल्याचं दिसलं. पुढे इतर राज्यांत हेच शिक्षकांकडून करून घ्यायचे प्रयत्न झाले. नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तिथे फारसं काही झालं नाही, कारण शिक्षक वर्गात गेले की पुन्हा पुस्तकाच्या धड्यावर. हरियाणात शाळेच्या वेळेतलाच एक तास यासाठी राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडून गट केले, आणि शाळांच्या केंद्रावरच्या (आसपासच्या शाळांच्या समूहावरच्या) लोकांनी लक्ष ठेवलं. तिथे वाचनात फरक पडला.

म्हणून माळावरच्या सरांचा तो पहिला तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो कुणीही कशासाठीही काढून घेऊ नये.

काठावर_बसलेला

मला या गटांची भीती वाटते, आणि ती मांडतो.

आमच्या वर्गात खिडकीकडची रांग 'ढ' मुलांची होती. गुरुजींचा हेतू चांगलाच असेल, मागे पडलेल्यांकडे वेगळं लक्ष द्यावं. पण त्या रांगेत गेलेलं कुणी वर्षभर परत आलं नाही. आम्हाला प्रश्नच विचारले जायचे नाहीत. विचारले तर इतके सोपे की उत्तर द्यायलाही लाज वाटावी. आणि त्या रांगेत कोणत्या वस्तीतली मुलं जास्त होती हे सगळ्या गावाला दिसत होतं. आज मी अकाउंट्सचं काम करतो, आकड्यांशी माझं काही वाकडं नाही. तेव्हा मला पाढे येत नव्हते, एवढंच.

तुम्ही चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावा, जरूर लावा. मुलांचे लावताना दहादा विचार करा.

माळावरची_शाळा

काठावर, तुम्ही लिहिलंय ते प्रत्येक शिक्षकाने वाचायला हवं. 'पातळीनुसार' म्हणता म्हणता गाव, तांडा आणि वस्तीनुसार गट होतात, हा धोका अगदी खरा आहे. शाळेत जात मागच्या दाराने अशीच येते.

म्हणून काही गोष्टी पाळतो. वाचनाचा गट आणि गणिताचा गट एक ठेवत नाही. वाचनात मागे असलेला मुलगा गणितात पुढच्या गटात असतो, हे सगळ्या वर्गाला दिसतं. गटांना नावं देत नाही, नंबर तर नाहीच. दर पंधरवड्याला प्रत्येकाला जवळ बसवून एक-दोन मिनिटं वाचायला लावतो: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत असतं तसं. ज्याला जमलं तो त्याच दिवशी उठून पुढच्या गटात. एखादं मूल महिनाभर एकाच जागी राहिलं तर मी माझी पद्धत बदलतो, कारण तिथे पद्धत चालत नाहीये. आणि हे सगळं एका तासापुरतं. बाजाराचा हिशोब, गोष्ट ऐकणं, प्रयोग, चर्चा, यात सगळी एकत्र. अवघड प्रश्न सगळ्यांना. वाचता न येणाऱ्या मुलालाही विचार करता येतो. वाचता येईपर्यंत त्याला विचारांचं खाद्य द्यायचंच नाही, हा अन्याय आहे.

वाचायला लावतानाची एक गोष्ट. पुष्कळ मुलं धडा घडाघडा म्हणतात आणि आपण 'वाचन येते' अशी खूण करतो. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून 'हा काय?' विचारा. मूल पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येतं. पाठ आहे, वाचता येत नाही. हे मूल मागे नाही, त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, आणि तीच त्याची अडचण झाकते.

मुक्ता_विशेषशिक्षिका

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत फिरती विशेष शिक्षिका आहे. गटातल्या (तालुक्यातल्या) शाळांवर आळीपाळीने जाते, त्यामुळे एका मुलाला माझा वेळ फार थोडा मिळतो. खरं काम वर्गशिक्षकच करतो. थोडं सविस्तर लिहिते.

कुठल्याही मुलाला 'लक्ष देत नाही' म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासा. फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघणारं मूल कॉपी करत नसतं, बऱ्याचदा त्याला फळा दिसत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी ठेवा, तीच मुलं वर्षानुवर्षं सुटतात. कारखान्याला गेलेली तर हमखास.

सर, तुमच्या त्या मुलाचा चांगला कान वर्गाकडे येईल असं बसवा. पहिल्या बाकावर बसवणं पुरेसं नाही. चुकीच्या कोपऱ्यात बसला तर अधू कान तुमच्याकडे आणि चांगला भिंतीकडे. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. आधी लिहा, मग वळून बोला. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की त्याच्यासाठी तास संपलेला असतो, तेव्हा लेखी काम काढा.

अध्ययन अक्षमतेबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही आहे. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला अक्षरं उलटी येतात म्हणून लगेच डिस्लेक्सिया म्हणू नका. त्या वयात 'ट' आणि 'ठ', 'घ' आणि 'ध' पुष्कळ जणांचे गोंधळतात. साधारण आठ वर्षांच्या आत निदान पक्कं करत नाहीत. आणि जे मूल शाळेतच नव्हतं, किंवा ज्याची भाषा वेगळी आहे, त्याचं मागे पडणं ही अक्षमता नव्हे. आधी नीट शिकवून पाहायचं, तरीही विशिष्ट ठिकाणी अडचण टिकून राहिली तर तपासणीला पाठवायचं. मोठ्यांनी वाचून दाखवलं की ज्याला सगळं समजतं, तोंडी उत्तरं चोख देतं, पण स्वतः वाचताना आणि लिहिताना अडतं, अशा मुलाकडे माझं लक्ष आधी जातं.

निशिगंध_आई

मुक्ताताई, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझा मुलगा. पुण्यात पाचवीला आहे. तोंडी हिशोब माझ्यापेक्षा पटकन करतो. इतिहासाच्या गोष्टी इतक्या तपशिलात सांगतो की ऐकत राहावं. लिहायला बसला की ओळीभर मजकुरात निम्मे काना-मात्रा गायब. शाळेत (नाव लिहीत नाही) सांगतात की घरी रोज पाच पानं शुद्धलेखन घ्या. घेतो. तो रडतो, मी रडते. तपासणी चालू आहे, पण अहवाल येईपर्यंत वर्गात काय मागू शकते? त्याचं तोंडी उत्तर ग्राह्य धरा असं म्हणायचा मला हक्क आहे का, की ही मेहरबानी?

मुक्ता_विशेषशिक्षिका

मेहरबानी अजिबात नाही, निशिगंधताई. तुमची शाळा राज्य मंडळाची असेल तर ऑगस्ट २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही लेखी चाचणीच्या बरोबरीने दिलेली आहेत. म्हणजे प्रमाणपत्र नसतानाही वर्गशिक्षक त्याचं तोंडी उत्तर नोंदवू शकतात. लेखी अर्ज द्या आणि त्यात नेमकं मागा: फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील पान किंवा शेजाऱ्याच्या वहीचा फोटो, प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं, इतिहास-विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण न कापणं, गृहपाठ निम्मा. 'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' असं लिहिलेल्या अर्जाचं काहीच होत नाही.

पाच पानं आजपासून बंद करा. पाच ओळी घ्या, त्याही त्याने सांगितलेल्या आणि तुम्ही लिहून घेतलेल्या. आधी दोघांनी मिळून बोट ठेवून वाचायच्या, मग त्याने त्यातली एक लिहायची. पुढे दहावीला लेखनिक, जादा वेळ अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळतात, पण ते पुढचं पुढे. त्याला अभ्यासाचा तिटकारा येऊ नये, हे आत्ताचं काम.

न्यूजर्सीकर

विषय थोडा लांबचा, पण आमच्या रविवारच्या मराठी शाळेतही हाच पेच. सहा वर्षांची मुलगी घरी आजी असल्यामुळे फडफड मराठी बोलते, दहा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत देतो, दोघं एकाच पातळीच्या वर्गात. सरांची बाजाराची कल्पना उचलतोय. बोलणाऱ्यांना दुकानदार करायचं आणि वाचता येणाऱ्यांना यादी द्यायची, म्हणजे दोघांना एकमेकांशिवाय सामान मिळणार नाही.

अंकमोड

गणिताचं चाललंय म्हणून विचारतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. मला तेव्हाही तो बदल पटला नव्हता. वर्गातला अनुभव काय?

माळावरची_शाळा

मला उपयोग झाला. ६३ ऐकताना मूल तीन आधी ऐकतं आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. त्यामुळे ३६ आणि ६३ ची अदलाबदल रोजची. मी दोन्ही म्हणून घेतो, 'साठ आणि तीन, त्रेसष्ट'. वाटचाल 'साठ तीन'वरून 'त्रेसष्ट'कडे होते आणि काही दिवसांत मुलं पहिला भाग आपणच सोडून देतात. बाजारात 'साठ तीन रुपये' कुणी म्हणत नाही, हे त्यांनाही कळतं. ज्याला त्रेसष्ट पहिल्यापासून येतं त्याला अडवायचं कशाला?

निवृत्त_केंद्रप्रमुख

सर्वांचं अभिनंदन. तरुण शिक्षक इतकं बारकाईने लिहितात हे वाचून समाधान वाटलं.

एक अडचण मांडतो. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीचं जे मूल आज शब्दांवर आहे त्याला एप्रिलमध्ये पाचवीचाच पेपर आहे. पाठ्यक्रमाचं काय करता? आणि भेटीला आलेल्या अधिकाऱ्याला इयत्ता मोडलेला वर्ग दिसला तर?

माळावरची_शाळा

साहेब, टाचणात लिहून ठेवतो. पहिल्या तासाला 'वाचन, स्तरनिहाय' असं वेळापत्रकात आणि टाचणात दोन्हीकडे आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही घेतलंय. भेटीला कुणी आलं तर आधी मुलांच्या वाचनाच्या नोंदी दाखवतो. आजपर्यंत कुणी बंद करा म्हटलेलं नाही.

पाठ्यक्रमाबाबत सांगतो. शब्दांवर असलेल्या मुलाला पाचवीचा विज्ञानाचा किंवा परिसराचा भाग मी बोलून, करून, दाखवून शिकवतोच. तो त्याच्या वाचनासाठी थांबवत नाही. भाषेत मात्र सगळे धडे होत नाहीत. निवडक घेतो आणि ते पक्के करतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला परिच्छेद वाचता येत नाही त्याच्यासमोर पुस्तक संपवलं तर त्यात फक्त माझं पुस्तक संपतं.

खडू_आणि_फळा

सर, शेवटचं एक. कारखान्यावरून मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना वर्गात कसं बसवता? आमच्याकडेही गावी जाऊन महिना-दोन महिन्यांनी येणारी बरीच आहेत.

माळावरची_शाळा

जाताना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. कार्डाबरोबर एक पातळ वही देतो. तिच्यात त्या मुलाच्या त्या वेळच्या पातळीचे शब्द, छोट्या गोष्टी आणि गणितं असतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहितो की याला काय येतं. काय येत नाही ते लिहीत नाही. तिकडच्या गुरुजींना तेवढ्यावरून सुरुवात करता येते. पालकांचा नंबर असतो, आठवड्याला एक व्हॉइस मेसेज पाठवतो, गोष्टीचा. काही ऐकतात, काहींचं नेट नसतं.

परत आल्यावर चाचणी लगेच घेत नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसतं बोलणं, चित्रं, तिकडचं काय काय पाहिलं ते सांगणं. ते सांगतात ते मी फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहितो, गोरमाटी आली तर गोरमाटीत, देवनागरीत. तोच त्यांचा वाचनाचा पहिला धडा. मग जोडी लावतो, शक्यतो त्याच तांड्यावरच्या पण न गेलेल्या मुलाशी. त्यानंतर वाचून बघायचं आणि जिथे असेल त्या गटात. सकाळचा तास चालूच असतो, त्यामुळे नवीन मुलासाठी काही वेगळं उभं करावं लागत नाही.

तुमच्या चिठ्ठ्यांची पद्धत या सोमवारपासून पाचवीला सुरू करतोय. एक शंका आहे: लिहिता न येणाऱ्यांची चिठ्ठी कशी घेता?

खडू_आणि_फळा

चित्र काढू देते, किंवा तीन उत्तरं लिहून एकाला गोल करायला सांगते. त्या तीनांतली दोन उत्तरं मुद्दाम नेहमीच्या चुकांची ठेवायची. तुमच्या उदाहरणात २५, ३५ आणि २६. गोल कुठे केलाय त्यावरून चुकीचा प्रकार कळतो.